दूर

डंडीच्या दवाखान्यात मी दुभाषी.
तासावर पैसे, बसभाडं वेगळं.
नियम एकच: समोरचा बोलेल तेवढंच सांगा,
पदरचं काही घालू नका.

आज भिकाजी आरोंदेकर, वय अठ्ठ्याहत्तर,
बोटीवरचे निवृत्त फिटर.
गुडघ्यावर टोपी, टोपीवर दोन्ही हात.
शेजारी इंदुमतीबाई,
मांडीवरची पर्स कुणी ओढून नेईल
अशी धरलेली.

नर्स एल्स्पेथ फॉर्म भरत होती.
झोप? बरी.
भूक? आहे.
स्वभाव पहिल्यापासून कसा?

याचं उत्तर मात्र बाईंनी दिलं,
विचारलं नव्हतं तरी:
"घुमा."

आणि मी अडकले.

उदास म्हणावं, तर उदास संध्याकाळही असते,
दिवा लागला की जाते.
खिन्न माणूस मी फक्त छापलेला पाहिलाय.
कुढा? कुढणाऱ्याला कुणाचा तरी राग असतो,
यांच्या तोंडावर रागाचा मागमूस नाही,
एरंडेल घेतल्याचाही नाही.
घुमा म्हणजे घुमा.
व्याकरण मला कळत नाही, पण पारवा घुमतो,
अंगात आलेली बाई घुमते,
आरोंद्याकडे आरतीला वाजवतात ते मडकं,
तोंडाला कातडं ताणलेलं, त्याचंही नाव घुमट.
इतका आवाज करणाऱ्यांच्या घरात
हा न बोलणारा कुठून जन्मला?

एल्स्पेथनं घड्याळाकडे पाहिलं.
मी म्हटलं, कमी बोलतात. मनात ठेवतात.
पाण्यात पाणी मिसळावं तसं इंग्रजी.

"अगं, म्हणजे डूर!" तिनं पेन खाली ठेवलं.
ऊकार चांगला लांबवून, इथली माणसं लांबवतात तसा.
"माझे वडील तसेच होते.
आमच्याकडे जमीनसुद्धा डूर असते, नांगर घेत नाही.
मासा डूर असतो, गळ नाकासमोर हलला
तरी तोंड उघडत नाही.
वाईट शब्द नाही हं तो," ती घाईनं म्हणाली,
"निदान सगळा वाईट नाही."

मी तोंड उघडणार,
तेवढ्यात इंदुमतीबाईंनी मान वर केली.
एवढ्या बोलण्यातला एकच शब्द
त्यांच्यापर्यंत पोचला होता, आणि तो त्यांचा होता.

"हो," त्या म्हणाल्या, "दूरच.
लग्नानंतरची अकरा वर्षं बोटीवर दूर.
मग इथे आणलं,
तेव्हापासून टेबलाच्या त्या बाजूला दूर.
बोटीवरनं पत्र तरी यायचं."

यासाठी नियमात कलम नव्हतं.
बाईंनी चुकीचं ऐकलं होतं
आणि एक अक्षर चुकलं नव्हतं.
एल्स्पेथ माझ्याकडे बघत होती.
मी म्हटलं, त्यांना तुमचा शब्द पटला.

मग भिकाजी बोलले. टोपीशीच बोलले.
"इंजिनरूममध्ये कोण बोलतं?
ऐकू कुणाला जाणार?
बोटांनी सांगायचं."
आणि दोन बोटं टोपीच्या कडेवर आपटली.

बाईंनी तिकडे पाहिलंही नाही.
पर्स उघडली, खोकल्याची गोळी काढली,
कागद सोलून त्यांच्या तळहातावर ठेवली,
आणि पर्स पुन्हा घट्ट मिटली.

याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.
एल्स्पेथनं रकान्यात शब्द लिहिला.
समोरून मला तो उलटा दिसत होता,
चार अक्षरं. मी वाचला दूर असाच.

नंतर बसथांब्यावर पाहिलं त्यांना.
टे नदीवरून धुकं वर चढत होतं,
पूल अर्ध्यातच संपल्यासारखा.
दोघांच्या मधे आणखी एक माणूस मावेल
एवढी जागा.
कुणी कुणाशी बोलत नव्हतं.
फक्त भिकाजींनी एकदा हवा पाहिली,
टोपी डोक्यावर दाबली,
आणि बाईंच्या मागून वळसा घालून
या बाजूला येऊन उभे राहिले,
वारा येत होता त्या बाजूला.

जागा तेवढीच ठेवून.